खाडीकाठचे धंदे व चक्रीवादळ

कोकणच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ क्वचितच येते, अशी समजूत पुष्कळ वर्षे रूढ होती. आणि ती अगदीच निराधार होती असेही नाही. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात वादळे कमी उद्भवतात, आणि जी उद्भवतात त्यांपैकी बरीचशी ओमानच्या अथवा गुजरातच्या दिशेने निघून जातात. तरीही नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईने मोठे वादळ अनुभवले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले, आणि त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आतच, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवरून उत्तरेकडे गेले. तेव्हा वादळ हा आता पिढीतून एकदा सांगण्याचा प्रसंग राहिलेला नाही.

वादळाच्या वेळी माणसे व जनावरे सुरक्षित जागी हलविणे हे पहिले कर्तव्य होय, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखात त्यापुढील प्रश्नाचा विचार केला आहे. किराणा दुकान, भातगिरणी, रोपवाटिका, कोंबड्यांची शेड, मिठागर, वीटभट्टी, सुक्या मासळीची वखार, सुपारीची वाडी हे सर्व धंदेच आहेत. माणसे वाचली, पण धंदा बुडाला, तर त्या कुटुंबाचे पुढील चारपाच वर्षांचे अन्न गेले असे समजावे.

विक्रोळीचे उदाहरण

मुंबईच्या उपनगरांतील विक्रोळी येथे आज शेती नाही. तरी खाडीकाठच्या कोणत्याही गावाने अभ्यासावी अशी त्या भूभागाची रचना आहे. पश्चिमेस पार्कसाइटच्या बाजूची टेकडी, मधल्या सपाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग, लोहमार्ग, कारखाने व लहान उद्योगांचे गाळे, पूर्वेस टागोरनगर व कन्नमवारनगर या वसाहती, आणि त्यांच्यापलीकडे ठाणे खाडीच्या काठचा तिवरांचा पट्टा. डोंगर, सपाटी आणि खाडी ही तिन्ही येथे कोसभर रुंदीच्या पट्ट्यात एकापाठोपाठ आली आहेत. उरण, पेण, अलिबाग किंवा वसई भागातील अनेक गावांचा आडवा छेद घेतला, तर थोड्याफार फरकाने हीच आकृती निघेल.

या तीन जागांवर संकट तीन प्रकारांनी येते. टेकडीच्या पायथ्याशी भय असते ते पावसाने सुटणाऱ्या मातीचे. १८ जुलै २०२१ रोजी पहाटे विक्रोळीच्या सूर्यनगर भागात दरड कोसळून घरे गाडली गेली व माणसे दगावली. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते, केवळ अतिवृष्टी होती. परंतु वादळासोबतही तसाच पाऊस येऊ शकतो. तौक्ते वादळ किनाऱ्यापासून दूर असतानाही सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तोही मे महिन्यात. सपाटीवर भय असते ते तुंबलेल्या पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील असंख्य तळमजल्यांवरील दुकानांत व गाळ्यांत पाणी शिरले आणि जमिनीवर ठेवलेला माल व यंत्रे बुडाली. खाडीच्या बाजूस भय असते ते भरतीचे आणि मोकळ्या वाऱ्याचे.

विक्रोळीच्या खाडीकाठी गोदरेज उद्योगाच्या जमिनीवर तिवरांचे मोठे वन जपले गेले आहे, आणि १९८५ पासून तेथे त्यासाठी स्वतंत्र केंद्र चालविले जात आहे. तिवरांच्या मुळ्या गाळ धरून ठेवतात व खोडांची दाटी लाटांचा जोर मोडते, त्यामुळे मागील बांधावर येणारा मार कमी होतो. ज्या गावांत सरपणासाठी अथवा कोळंबीच्या तळ्यांसाठी तिवरे तोडली गेली, तेथे खारबांधास वारंवार खांड पडते असा अनुभव आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीवर कडक निर्बंध घातले. ग्रामपंचायतीने हा निर्बंध केवळ सरकारी अडचण मानू नये. मात्र तिवरांकडून अशक्य गोष्टीची अपेक्षाही ठेवू नये. ती लाट अडवितात. डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी अडवीत नाहीत, आणि त्या पाण्याच्या वाटेवर भराव घातला असेल तर उत्तम तिवरांच्या मागेही दुकान बुडते.

म्हणून पहिले काम असे की, आपला धंदा या तीनपैकी कोणत्या जागी आहे हे ठरवावे. हे सोपे वाटते. परंतु खाडीच्या पाण्याची भीती बाळगून माल टेकडीच्या कुशीतील गोदामात हलविणारे आणि तेथे दरडीखाली तो घालविणारे लोकही असतात.

वादळ येते तेव्हा माल कोठे असतो

अरबी समुद्रातील वादळांचे हंगाम दोन : पावसाळ्यापूर्वीचे मे-जून आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. भर पावसाळ्यात वाऱ्यांची रचना अशी असते की चक्रीवादळ सहसा बळावत नाही. आता कोकणातील धंद्यांचे वेळापत्रक याशेजारी मांडून पाहावे. मिठागरांतील मीठ उन्हाळ्यात पिकते आणि मे अखेरीस त्याच्या राशी बांधावर उभ्या असतात. वीटभट्टीच्या कच्च्या विटा मे महिन्यात उघड्यावर वाळत असतात. सुक्या मासळीचा वर्षाचा साठा याच वेळी भरलेला असतो. आंब्याचा शेवटचा तोडा व्हायचा असतो. खत-बियाण्यांच्या दुकानात खरिपाचा माल नुकताच उतरलेला असतो, आणि तोही बहुतेक उसनवारीवर. नोव्हेंबरच्या आरंभी भात कापून शेतात पसरलेले किंवा उडवी रचून ठेवलेले असते. फयान वादळाने कोकणात नेमके हेच भात भिजविले.

सारांश, वादळ गाठते ते धंदा सर्वांत भरलेला आणि सर्वांत उघडा असताना. वर्षभराचे भांडवल मालात गुंतलेले असते आणि हाती रोकड नसते. या एका गोष्टीवरून पूर्वतयारीची दिशा ठरते : भिंती भक्कम करणे अवश्य आहे, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्या दोन हंगामांत उघड्यावरील माल शक्य तितका कमी ठेवणे आणि राहील तो हलविण्याची सोय आधीच करून ठेवणे. मिठाच्या राशी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शाकारून घ्याव्यात; शेवटच्या चार दिवसांच्या पिकासाठी सबंध राशी धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. विक्रोळीच्या उत्तरेस कांजूर-भांडुपच्या बाजूला पूर्वी मिठागरे होती, त्या काळीही राशींवर पेंढा घालण्याची घाई याच सुमारास होत असे. खत-बियाण्यांच्या दुकानदाराने सर्व माल एकाच खेपेत न आणता दोन खेपांत आणावा. वाहतुकीचा खर्च थोडा वाढतो, परंतु वाऱ्यावर लागलेली रक्कम निम्मी होते.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरांचा वारा ताशी १२० किलोमीटरांचा झाला, तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरांच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. आठ फूट लांब व तीन फूट रुंद अशा एका पत्र्यावर हा भार दीडशे किलोग्रॅमच्या आसपास जातो, आणि छपराच्या कडांवर तो याहूनही अधिक ओढ घेतो. पत्र्यावर दोन दगड अगर वाळूचे एक पोते ठेवून निर्धास्त होणाऱ्याने हा आकडा ध्यानात घ्यावा. शिवाय सुटलेला पत्रा केवळ आपले छप्पर उघडे करतो असे नाही. तो वाऱ्याबरोबर जाऊन दुसऱ्याचे घर व प्रसंगी माणूसही कापतो.

छप्पर उडते ते बहुधा आतून. एखादे दार वा खिडकी फुटली की वारा आत शिरतो, आतून वर दाब देतो, बाहेरून वारा वर ओढत असतो, आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा सुटतो. म्हणून वादळात ‘वारा खेळता राहावा’ या समजुतीने समुद्राकडील दारे उघडी ठेवणे घातक आहे. शटर असलेल्या दुकानास आतून आडवा लोखंडी दांडा किंवा वासा लावून आधार द्यावा, कारण रुंद शटर मध्यभागी फुगून पट्टीतून निसटते. पत्र्याचे आकडे सर्वत्र सारख्या अंतरावर न ठेवता वळचणीला आणि आढ्याजवळ दाट ठेवावेत, गंजलेले आकडे दर वर्षी अक्षयतृतीयेच्या सुमारास बदलावेत, आणि प्रत्येक आकड्याखाली रुंद वायसर असल्याची खात्री करावी. मंगलोरी कौलांच्या छपराला खालच्या दोन व वरच्या दोन ओळी तारेने बांधून घेतल्यास पुष्कळ फरक पडतो. कोंबड्यांच्या शेडच्या बाजूच्या जाळीवर ताडपत्री आवळून बांधण्याची प्रथा आहे. त्यामुळे पाऊस आत येत नाही हे खरे, परंतु शेडचे शीड बनते. वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री बांधावी आणि विरुद्ध बाजूस वरचा एक हात मोकळा ठेवावा.

खाडीच्या पाण्याचे गणित निराळे आहे. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असल्यामुळे समुद्राची पातळी दर मिलिबारला सुमारे १ सेंटिमीटर वर उचलली जाते. त्यात वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. आणि त्यात भरतीची वेळ साधली तर संकट पुरे होते. म्हणून वादळाच्या बातमीबरोबर तिथी पाहावी. ‘निसर्ग’ आले त्यानंतर दोन दिवसांनी ज्येष्ठी पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. ‘तौक्ते’ गेले तेव्हा अमावास्येस सहा दिवस उलटून भांगाची भरती जवळ आली होती. हेच वादळ उधाणाच्या दिवशी गेले असते तर खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी अधिक चढले असते. उधाण आणि भांग यांचे ज्ञान आगरी व कोळी वृद्धांजवळ तोंडपाठ असते. ग्रामसेवकाने गावच्या आपत्ती समितीत असा एकतरी माणूस घ्यावा.

खारबांधाच्या उघाड्या वादळापूर्वी तपासणे हे काम धंद्याशी संबंधित नाही असे दुकानदारांस वाटते. परंतु उघाडीचे दार अडकले की भरतीचे पाणी आत येते, आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जात नाही. मग बाजारपेठेत दोन दिवस पाणी राहते. उघाडीतील गाळ काढण्यासाठी एका सकाळचे श्रमदान पुरते.

तीन दिवसांची मुदत

भारतीय हवामान खाते वादळाची सूचना टप्प्याटप्प्याने देते. किनाऱ्यावर परिणाम होण्याच्या सुमारे ७२ तास आधी पहिली दक्षतेची सूचना, ४८ तास आधी सावधगिरीची, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा, आणि सुमारे १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतर वादळाचे काय होईल याचा अंदाज, असा हा क्रम आहे. शेवटच्या तीन टप्प्यांना अनुक्रमे पिवळा, नारिंगी व लाल हे रंग दिलेले आहेत. आकाशवाणी, दूरदर्शन, भ्रमणध्वनीवरील ‘सचेत’ ही शासकीय सेवा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक यांवरून ही माहिती मिळते; मुंबईत महापालिकेचा क्रमांक १९१६ आहे.

पुष्कळ लोक लाल रंगाची वाट पाहतात. धंद्याच्या दृष्टीने ती वेळ टळून गेलेली असते. लाल रंग लागतो तेव्हा टेम्पो मिळत नाही, मजूर आपापल्या घरी गेलेले असतात, आणि ते योग्यच आहे. मालाची हलवाहलव ७२ ते ४८ तासांच्या दरम्यान करावी, त्या वेळी वादळ येईलच अशी खात्री नसली तरीही. दहापैकी काही वेळा ही धावपळ व्यर्थ जाईल. त्या व्यर्थ गेलेल्या वेळांचा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा समजावा.

उरलेल्या दोन दिवसांत काय करावे हे प्रत्येक धंद्यागणिक बदलते. किराणा व खतदुकानात सर्वांत खालच्या फळीवरील माल वरच्या फळीवर, आणि पोती जमिनीपासून किमान तीन फूट उंच माच्यावर घ्यावीत. कीटकनाशकांचे डबे धान्यापासून व पशुखाद्यापासून दूर, पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावेत. पुराच्या पाण्यात फुटलेला एक डबा सबंध दुकानातील खाण्याचा माल निकामी करतो. भातगिरणीची व पंपाची मोटर सोडवून उंचावर नेणे हे तासाभराचे काम आहे, आणि ती भिजली तर गुंडाळीचा खर्च हजारोंच्या घरात जातो. मोटर हलविता येत नसेल तर विजेचा मुख्य खटका बंद करून सांधे झाकावेत. रोपवाटिकेची शेडनेट जाळी सोडून गुंडाळून ठेवावी. जाळी वाचविण्यासाठी ती अधिक घट्ट बांधणारे जाळीबरोबर सांगाडाही गमावतात. रोपांच्या पिशव्या एकमेकींना टेकवून जमिनीवर आडव्या निजवाव्यात. नारळाच्या झाडांवरील तयार नारळ उतरवून घ्यावेत आणि दुकानावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात.

आणि वही. गावच्या दुकानदाराचे खरे भांडवल फळीवर नसते, उधारीच्या चोपडीत असते. माल भिजला तर विमा किंवा घाऊक व्यापाऱ्याची सवलत थोडी तरी भरपाई देते. चोपडी भिजली तर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये केवळ स्मरण उरते, आणि आपत्तीनंतर स्मरण दोन्ही बाजूंचे कमजोर होते. चोपडीच्या शेवटच्या पानांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊन ती परगावच्या नातेवाइकाकडे पाठवावीत. त्याचबरोबर मालाच्या खरेदीच्या पावत्या, परवाने, विम्याची पॉलिसी, सातबारा, बँकेचे पुस्तक आणि दुकानाच्या चारही बाजूंची, भरलेल्या फळ्यांसह, छायाचित्रे घ्यावीत. वादळाच्या दोन दिवस आधीचे हे छायाचित्र पुढे पंचनाम्यात व विम्याच्या दाव्यात फार मोलाचे ठरते. जवळ थोडी रोकड ठेवावी. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, म्हसळा व मुरूड भागांतील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही आणि भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले; अशा वेळी बँकेतील पैसा असून नसल्यासारखा होतो.

वादळाचे केंद्र गावावरून गेले तर मध्येच वारा अचानक पडतो, क्वचित ऊनही पडते. ही शांतता काही मिनिटांची अथवा अर्ध्यापाऊण तासाची असते. त्यानंतर उलट दिशेचा वारा तितक्याच जोराने येतो. दुकान पाहण्यासाठी या शांततेत बाहेर पडू नये.

विमा

दुकानाचा विमा असतो, परंतु तो काढताना रक्कम कमी दाखविलेली असते, हे दृश्य नेहमीचे आहे. त्याचा परिणाम काय होतो हे पाहावे. दुकानातील माल १० लाखांचा आहे, विमा ५ लाखांचा काढला आहे, आणि वादळात २ लाखांचा माल गेला. दुकानदारास वाटते की नुकसान पाच लाखांच्या आत असल्यामुळे पूर्ण २ लाख मिळतील. परंतु विमा निम्म्या मालाचाच असल्यामुळे भरपाईही निम्मी, म्हणजे १ लाख मिळते. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही सर्व कंपन्यांची समान अटींची पॉलिसी लागू आहे. तिच्यात वादळ व पूर यांचा समावेश असतो आणि विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती तूट धरली जात नाही. त्याहून अधिक तूट असेल तर वरील हिशेब लागतो. म्हणून हंगामात माल सर्वाधिक असेल त्या वेळच्या किमतीने विमा काढावा. पीक विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात. त्या-त्या वर्षाची अधिसूचना सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्यावी.

वादळानंतरचे पहिले दिवस

वादळ ओसरल्यावर जो तो झाडू हाती घेतो. हा स्वभाव चांगला आहे, परंतु धंद्याच्या बाबतीत आधी नोंद आणि मग सफाई हा क्रम पाळला पाहिजे. भिजलेला माल फेकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. सर्वेक्षक येण्यास वेळ लागणार असेल आणि माल कुजत असेल, तर थोडा नमुना राखून बाकीची विल्हेवाट लावता येते. तसे कंपनीला लेखी कळवावे.

भिजलेल्या मोटरला ‘चालते का पाहू’ म्हणून वीज देऊ नये. खारे पाणी गेले असल्यास प्रथम गोड्या पाण्याने धुवावी, उन्हात व नंतर मंद उष्णतेने पूर्ण वाळवावी आणि तारतंत्र्याकडून मेगरने तपासून मगच चालू करावी. भिजलेले बियाणे वाळवून विकण्याचा मोह काही विक्रेत्यांस होतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ती घटली असेल तर ते बियाणे म्हणून विकणे हा गिऱ्हाइकाचा सबंध हंगाम घालविणे होय, आणि पुढील वर्षी ते गिऱ्हाईक दुकानात येत नाही. बुरशी आलेले पशुखाद्य जनावरांस घालू नये. मेलेल्या कोंबड्या विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, मात्र मोजणी व पंचनामा झाल्यावरच.

शेतात खारे पाणी शिरले असल्यास उघाड्या उघडून ते ओहोटीबरोबर काढून द्यावे, मग पावसाचे गोडे पाणी बांधात साठवून काही दिवसांनी सोडावे आणि असे तीनचार वेळा करावे. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल’ मालिकेतील भाताच्या जाती अशा जमिनीत इतरांच्या मानाने तग धरतात.

श्रीवर्धनची वाडी आणि विक्रोळीतील नाव

‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तेव्हा हे नुकसान एका पिकाचे नव्हते. शासनाने त्या वेळी फळबागांसाठी हेक्टरी मदत १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांपर्यंत वाढविली. रक्कम मोठी दिसते. परंतु तेथील वाड्या गुंठ्यांच्या आहेत. १० गुंठ्यांच्या वाडीला या दराने सुमारे ५,००० रुपये होतात, आणि पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक होती. नंतर झाडागणिक मदतीचा दर ठरविण्यात आला : नारळाला २५० रुपये व सुपारीला ५० रुपये. दर कमी की अधिक हा वेगळा प्रश्न आहे. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, झाडागणिक मदत मिळायची तर झाडे मोजलेली असली पाहिजेत. ज्यांच्या पीकपाहणीत केवळ ‘बागायत’ एवढीच नोंद होती, त्यांना आडव्या पडलेल्या खोडांच्या ढिगात आपली झाडे मोजून दाखवावी लागली. आता ई-पीक पाहणीत झाडांची संख्या खातेदारास स्वतः नोंदविता येते. ही नोंद वादळाच्या हंगामापूर्वी पुरी करावी, आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी) व तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी) ती करवून घ्यावी.

दुसरी अडचण याहून बिकट होती. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे असतात. वाडी कसणारा एक भाऊ गावात, आणि बाकीचे चाकरमानी मुंबईत, विक्रोळी, भांडुप, घाटकोपर, परळ येथे. मदत द्यायची तर सामाईक खातेदारांची संमती लागते. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीचे निर्बंध पूर्णपणे उठले नव्हते, प्रवास अवघड होता, आणि मयत खातेदारांच्या वारसनोंदी कित्येक वर्षे राहिलेल्या होत्या. अशा स्थितीत विक्रोळीतील एका खोलीत राहणाऱ्या चुलतभावाच्या सहीवाचून श्रीवर्धनच्या वाडीची रक्कम अडकून राहू शकते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. गणपतीला अथवा शिमग्याला सर्व भाऊ गावी एकत्र येतात, तेव्हा वारसनोंदीचे अर्ज देऊन कसणाऱ्याच्या नावे संमतिपत्र करून ठेवावे. भांडण नसलेल्या वर्षी हे काम एका बैठकीत होते.

आता वाडीच्या पुनर्लागवडीसंबंधी. पडलेल्या माडांची व पोफळींची खोडे वाडीतच कुजू देऊ नयेत. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब पुढील वर्षी तोच खातो. ‘वादळाने नेले नाही ते भुंग्याने नेले’ अशी स्थिती येते. खोडांचे तुकडे करून सरपणास, कुंपणास अथवा विक्रीस काढावेत. झुकलेल्या पण मुळे धरून असलेल्या आंब्याच्या व जायफळाच्या झाडांचा पसारा छाटून, तीनचार दिवसांच्या आत ती दोरांनी हळूहळू सरळ करावीत, मुळांवर माती चढवावी आणि छाटलेल्या भागांवर बोर्डो पेस्ट लावावी. माडांची मोडलेली झावळे काढून शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण ओतल्यास कोंब कुजणे टळते.

नव्या सुपारीची पाच-सात वर्षे भरून काढण्यासाठी मधल्या जागेत केळी लावावी. ती वर्ष-सव्वा वर्षात पैसे देते आणि कोवळ्या पोफळींना सावलीही देते. पुढे वाचलेल्या माडांवर मिरी आणि सावलीत जायफळ वाढवावे. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ या नावाने अशीच मिश्र लागवड दाखविली आहे. वाडी एकाच पिकाची असली की एका वाऱ्यात सर्व उत्पन्न जाते. बुटकी, मध्यम व उंच झाडे एकत्र असली की काहीतरी उभे राहते.

वाडी पडली की दुकान पडते, हेही श्रीवर्धनने दाखविले. ज्या किराणा दुकानांची छपरे शाबूत होती त्यांचीही विक्री घटली, कारण गिऱ्हाइकांजवळ सुपारीचा पैसाच उरला नाही. अशा वेळी दुकानदाराने जुनी उधारी एकदम मागू नये आणि नवी मोकळ्या हाताने देऊही नये. बाकीचे लहान हप्ते पाडून चोपडीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. घाऊक व्यापाऱ्याकडून स्वतःसाठी मुदत मागताना हीच चोपडी दाखविता येते. बँकेचे कर्ज असल्यास हप्ता थकण्याची वाट न पाहता अर्ज करावा. रिझर्व बँकेच्या निर्देशांनुसार नैसर्गिक आपत्तीने बाधित भागात कर्जाचे पुनर्गठन करता येते, परंतु ते मागावे लागते. गावच्या सेवा सहकारी संस्थेने असे सर्व अर्ज एकत्र करून पाठविल्यास बँकेचा अधिकारी एकाच दिवशी गावात येऊन तपासणी करू शकतो, आणि प्रत्येकाची तालुक्याची खेप वाचते.